पायातलं सुकाणू

तिसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरांनी तिला दोन्ही पाय पेडलवरून काढून खाली टेकवायला सांगितले. सकाळची हवा शांत होती आणि विमान पुरेशा उंचीवर होतं. "आता फक्त योक डावीकडे फिरव आणि नाकाकडे बघ," ते म्हणाले. तिने योक, म्हणजे हातातलं ते चाक, फिरवलं. विमान डावीकडे कललं, पण नाक सरकलं उजवीकडे. क्षणभर तसंच राहिलं आणि मग जड अंगाने डावीकडे वळू लागलं.

ही माझी भाची. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे दोनशे तास जमवते आहे. हैदराबादच्या आग्नेयेला नादरगुलची छोटी धावपट्टी आहे. तिथे जायला ती काचीगुड्याच्या आमच्या घरातून अंधारातच निघते. त्या दिवशी परतल्यावर तिने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि विचारलं, "मामा, मी सांगितलं डावीकडे, ते आधी उजवीकडे का गेलं?"

तिच्या पुस्तकात याचं उत्तर चार ओळींत आहे. पण त्या चार ओळी माणसाला शंभर वर्षांत उमगल्या, आणि त्यासाठी माणसं मेली. मी स्वतः विमान चालवलेलं नाही. यंत्रांमध्ये आयुष्य गेलं, म्हणून यंत्राचा एखादा भाग तसाच का आहे हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही. तिच्या प्रश्नामागे लागून मी जे वाचलं, जुळवलं, ते इथे मांडतो आहे. हा सगळा मागोवा मुख्यतः तिच्या पायाखालच्या त्या दोन पेडलांचा आहे. हातातल्या योककडे सगळ्यांचं लक्ष जातं. पायांची गोष्ट कुणी सांगत नाही.

आधी ते चार ओळींचं उत्तर. प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी एक फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'छोटा पंख'. योक डावीकडे फिरवलं की उजवीकडची फळी खाली जाते आणि डावीकडची वर येते. उजव्या पंखाची उचल वाढते, डाव्याची घटते, विमान डावीकडे कलतं. पण हवा उचल फुकट देत नाही. ज्या पंखाने जास्त उचल घेतली त्याला हवा मागेही जास्त ओढते. म्हणजे वर जाणारा उजवा पंख मागे खेचला जातो आणि नाक उजवीकडे, नको त्या बाजूला फिरतं. हे थांबवायला त्याच क्षणी डावा पाय दाबायचा. शेपटीचं उभं सुकाणू डावीकडे वळतं आणि नाक सरळ राहतं. नाकासमोरच्या यंत्रफळीवर काचेच्या वाकड्या नळीत एक काळी गोळी असते. पाय बरोबर पडला की ती मधोमध राहते, चुकला की एका बाजूला घरंगळते. गोळी ज्या बाजूला गेली त्या बाजूचा पाय दाबायचा, एवढंच नवशिक्याला सांगतात.

सुकाणू हा शब्द आपण नावेवरून घेतला. इंग्रजांनीही रडर जहाजावरूनच आणला. शब्दाबरोबर एक समजही आली: सुकाणू वळवलं की वाहन वळतं. विमानाच्या बाबतीत ही समज चुकीची आहे. विमान वळतं ते कलल्यामुळे. पंख कलले की त्यांची उचल सरळ वर न जाता तिरकी होते, आणि तिचा आडवा हिस्सा विमानाला वळणाच्या आत ओढतो. सुकाणूचं काम नाक त्या वळणाशी जुळतं ठेवण्याचं. नाव जहाजाचं राहिलं, काम पूर्ण बदललं. हा बदल ज्यांच्या लक्षात आला त्यांचं विमान उडालं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे जमीनदार जॉर्ज केली यांनी 1804 साली एक छोटं ग्लायडर बनवलं होतं. पुढे एक स्थिर पंख, मागे दांड्यावर अधिक-चिन्हासारखी शेपटी, आणि ती शेपटी हलवता येत होती. आजच्या कुठल्याही छोट्या विमानाची बाह्याकृती त्या खेळण्यात दिसते. तरी केलींना शेपटी म्हणजे नावेचं सुकाणूच वाटत होतं. एलेरॉनची कथा तर आणखी विचित्र. मॅथ्यू बोल्टन नावाच्या एका इंग्रजाने 1868 साली पंखांवरच्या अशा हलत्या फळ्यांचं पेटंट घेतलं. तेव्हा उडणारं विमानच अस्तित्वात नव्हतं, म्हणून ते कुणी वाचलं नाही. चाळीस वर्षांनी विमानाच्या हक्कांवरून खटले सुरू झाले, त्यांतून ते कागद पुन्हा चर्चेत आले.

मधल्या काळात ज्यांनी खरोखर उड्या घेतल्या त्यांच्यापैकी ऑटो लिलिएनथाल यांना सगळ्यांत मोठा मान दिला पाहिजे. हा जर्मन इंजिनिअर टेकडीवरून ग्लायडर घेऊन धावायचा आणि काखेत पंख धरून लोंबकळत जायचा. अशी सुमारे दोन हजार उड्डाणं त्याने केली. त्याच्याकडे योक नव्हतं, पेडल नव्हतं. विमान उजवीकडे कललं की तो पाय डावीकडे झोकायचा आणि स्वतःच्या वजनाने तोल सावरायचा. 9 ऑगस्ट 1896 रोजी हवेचा एक झोत असा आला की शरीराचा झोका पुरला नाही. ग्लायडर कोसळलं, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. माणसाचं वजन एवढंच नियंत्रणाचं साधन असेल, तर विमान मोठं होईल तसं ते साधन तोकडं पडणार, हे त्याच्या मृत्यूने सिद्ध केलं.

ही बातमी अमेरिकेत डेटन गावच्या दोन सायकल दुकानदारांनी वाचली. राइट बंधू सायकलवाले होते ही गोष्ट आपण सवयीने वाचून पुढे जातो. माझ्या मते सगळं तिथेच आहे. त्या काळी बहुतेक संशोधकांना विमान म्हणजे हवेतली नाव वाटे. ती आपोआप सरळ राहावी, चालकाने फक्त सुकाणू वळवावं. सायकलवाल्याला ठाऊक असतं की सायकल आपोआप सरळ राहत नाही. स्वार तिला क्षणोक्षणी सावरत असतो, आणि वळताना आधी कलतो. विल्बर राइटनी तेच विमानात शोधलं. 1899 साली दुकानात सायकलच्या ट्यूबचा रिकामा लांबट खोका हातात घेऊन ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. बोलता बोलता खोक्याची दोन टोकं उलट दिशांना पिळली गेली आणि त्यांना वाटलं, पंखही असेच पिळता येतील. एका बाजूची कड वर, दुसरीची खाली. पाच फुटी पतंगावर त्यांनी हे करून पाहिलं आणि पतंग हुकमाप्रमाणे कलला.

मग 1901 साली किटी हॉकच्या वाळूत भाचीच्या अनुभवातलं सगळं घडलं. पंख पिळले, ग्लायडर डावीकडे कललं, आणि काही वेळा नाक उलट बाजूला गेलं. दोघे भाऊ गोंधळले. पुढच्या वर्षी त्यांनी मागे दोन स्थिर उभ्या फळ्या लावल्या. त्याने आणखी बिघडलं. कललेला पंख सावरायला गेलं की ग्लायडर खालच्या पंखाकडे घसरे, गरागरा फिरे आणि पंखाचं टोक वाळूत रुते. त्याला ते विहीर खणणं म्हणत. ऑक्टोबर 1902 च्या सुरुवातीला एका रात्री ऑरव्हिलना कॉफी जास्त झाल्यामुळे झोप लागली नाही. तळमळताना त्यांना सुचलं की मागची फळी स्थिर नको, हलती हवी. सकाळी विल्बरनी त्यात भर घातली: पंख पिळणाऱ्या दोऱ्यांनाच ती जोडून टाकू, म्हणजे चालकाला वेगळं काही करावं लागणार नाही. ते पोटावर झोपून कमरेखालचा पाळणा सरकवत आणि त्याबरोबर पंख आणि सुकाणू दोन्ही हलत. त्या शरद ऋतूत त्यांनी शेकड्यांनी उड्डाणं केली.

17 डिसेंबर 1903 ची बारा सेकंदं आणि 120 फूट सगळ्या जगाला पाठ आहेत. पण त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे इंजिन बसवून उडण्याच्या नऊ महिने आधी. मे 1906 मध्ये मिळालेलं ते पेटंट इंजिनाचं नव्हतंच. पंख आणि सुकाणू एकत्र वापरून तोल राखण्याच्या पद्धतीचं होतं. आपण काय शोधलं आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. आणि 1905 साली त्यांनी सुकाणू पंखांपासून पुन्हा वेगळं केलं. वेग, वारा, वळणाची तीव्रता यांप्रमाणे पायाची गरज बदलते. एकच ठरीव जोडणी सगळीकडे चालत नाही, हे त्यांना उडून कळलं. 'हात एवढा, तर पाय किती?' हा प्रश्न त्या दिवसापासून वैमानिकाच्या शरीराकडे आला.

इथे मराठी वाचकाच्या मनात तळपदे येणार. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं असं सांगितलं जातं. मला त्या कथेबद्दल प्रेम आहे, तळपद्यांच्या ध्यासाबद्दल आदर आहे. पण त्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो त्यातल्या विमानांची तपासणी बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी 1974 साली केली आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. ही कथा सांगणारा प्रत्येक जण ते किती उंच गेलं हे सांगतो. ते कलवलं कसं, सावरलं कसं, हे कोणीच सांगत नाही. विमानाचा शोध म्हणजे नेमकी तीच गोष्ट.

ती गोष्ट फ्रान्सलाही कळली नव्हती. 13 जानेवारी 1908 रोजी आँरी फार्मानने पॅरिसजवळ एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला आणि युरोप हरखून गेला. त्याच्या विमानाला एलेरॉन नव्हते. तो केवळ सुकाणूने, पंख आडवे ठेवून, नावेसारखा घसरत वळला होता. त्याच वर्षी 8 ऑगस्टला विल्बर राइटनी ल मान गावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर विमान उडवलं. पावणेदोन मिनिटंच. पण त्यांनी पंख कलवून, घारीसारखी, अगदी सहज दोन वळणं घेतली. मैदानातल्या फ्रेंच वैमानिकांना काय पाहतो आहोत ते तात्काळ कळलं.

हातात काय आणि पायात काय, हा घोळ मात्र आणखी काही वर्षं चालला. प्रत्येक निर्मात्याची तऱ्हा वेगळी. सांतोस-द्युमाँने 1906 मध्ये एलेरॉनच्या दोऱ्या अंगातल्या पट्ट्याला बांधल्या. तो अंग झुकवायचा. अमेरिकेत कर्टिसने खांद्यांना जू लावलं. आंत्वानेत विमानात बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक असे, एक नाक वर-खाली करायला, दुसरं पंख पिळायला. एका विमानावर शिकलेला माणूस दुसऱ्यात बसला की पुन्हा नवशिका. ही अव्यवस्था फ्रान्समध्येच मिटली. रोबेर एस्नो-पेल्तेरीने 1907 च्या सुमारास दोन पायांच्या मध्ये एकच उभी दांडी बसवली. ती पुढे-मागे केली की नाक, डावी-उजवी केली की कल. लुई ब्लेरिओने 1908 च्या आपल्या आठव्या विमानात तशी दांडी आणि पायाखाली सुकाणूचा आडवा दांडा एकत्र आणले. पुढच्याच वर्षी, 25 जुलै 1909 ला, याच मांडणीच्या विमानातून त्याने इंग्लिश खाडी ओलांडली आणि जगाने ती मांडणी स्वीकारली. फ्रेंच वैमानिक त्या दांडीला आजही झाडूचा दांडा म्हणतात. भाचीच्या सेसना विमानातलं योक हे देपेर्दुसाँ कंपनीच्या विमानांत दांडीवर बसवलेल्या चाकाचं वंशज आहे. हातातलं रूप बदललं, पण पायातलं सुकाणू 1908 पासून पायातच आहे.

1912 च्या ऑगस्टमध्ये त्या पायाने एक जीव वाचवला, आणि त्यातून अनेक वाचले. पंखांना पुरेसा वेग उरला नाही की ते उचल देणं सोडतात. अशा वेळी नाक वाकडं असेल तर विमान गिरक्या घेत खाली पडतं. या गिरकीतून सुटका नाही असंच तेव्हा मानलं जाई. 25 ऑगस्टला इंग्लंडमध्ये लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क अशाच गिरकीत सापडला. त्याने दांडी ओढली, गिरकीच्या दिशेला पाय दाबून पाहिला, काही उपयोग झाला नाही. जमीन अगदी जवळ आल्यावर त्याने उलट बाजूचं सुकाणू पूर्ण दाबलं. गिरकी थांबली. खाली उतरल्यावर त्याने काय काय केलं ते क्रमाने सांगितलं आणि ते छापलं गेलं. तरी ही गोष्ट उड्डाणशाळेत शिकवली जायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. 1917 साली गॉस्पोर्ट इथे मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरीने शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलली. तोवर इन्स्ट्रक्टर उडवायचे आणि शिकणारा बघायचा. धोक्याच्या गोष्टी टाळायच्या असाच शिरस्ता होता. स्मिथ-बॅरीने शिकणाऱ्याच्या हातात पूर्ण नियंत्रण दिलं, त्याला मुद्दाम गिरकीत घातलं, आणि प्रत्येक वेळी 'का?' सांगितलं. बोलण्यासाठी दोघांच्या मध्ये रबरी नळी बसवली. तिला पुढे गॉस्पोर्ट नळीच म्हणू लागले. "पाय खाली ठेव आणि नाकाकडे बघ" हा भाचीचा धडा त्याच विचाराचा. चूक घडू द्यायची, ती दाखवायची, मग सुधारायला शिकवायची. मला विचाराल तर शिक्षणशास्त्रातली ही फार मोठी कामगिरी आहे, आणि तिची नोंद विमानाच्या बाहेर जवळजवळ झालेली नाही.

ही परंपरा हैदराबादला आली ती मॉथ विमानांबरोबर. 1930 च्या दशकात इथे स्टेट एअरो क्लब निघाला आणि बेगमपेठला धावपट्टी झाली. दुसऱ्या महायुद्धात तिथेच हवाई दलाच्या वैमानिकांसाठी प्राथमिक शाळा चालली, टायगर मॉथवर. उघडी बसायची जागा, चाकांना ब्रेक नाहीत, बोलायला तीच नळी. टायगर मॉथच्या रचनाकारांनी नाकाच्या उलट फिरण्यावर एक उपाय केला होता: वर जाणारा एलेरॉन बराच वर जातो आणि खाली जाणारा अगदी थोडा. म्हणजे मागे खेचणारा पंख कमी खेचतो. आजच्या सेसनामध्येही हाच उपाय आहे. वर 20 अंश, खाली 15. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी उड्डाणाआधी फळी हलवून स्वतः पाहिलं. हे एवढं करूनही नाक थोडं चुकीकडे जातंच. उरलेली चूक पायाने भरून काढायची.

ही चूक का होते याचं गणित गटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी मांडलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला त्यांनी दाखवून दिलं की उचल निर्माण करणारा प्रत्येक पंख आपल्या मागे हवेचे भोवरे सोडतो आणि त्या भोवऱ्यांची किंमत ओढीच्या रूपाने मोजतो. राइटना जे वाळूत दिसलं त्याचं हे कारण. आणि 1930 च्या दशकात त्याच प्रांटलांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होते विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले.

आपल्याकडे घाटग्यांचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही, याची मला खंत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये बेंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, तो आजचा एचएएल. तिथे घाटग्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-2 हे विमान तयार झालं. पूर्णपणे भारतात आखलेलं आणि बांधलेलं पहिलं विमान, आणि ते ना लढाऊ होतं ना प्रवासी. ते शिकवण्यासाठी होतं. 1951 च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि हवाई दलात टायगर मॉथची जागा त्याने घेतली. घानाच्या हवाई दलानेही डझनभर विमानं घेतली. प्रांटलांच्या वर्गात जे ओढीचं गणित शिकले त्यांनीच भारतीय मुलांना ती ओढ पायाने सावरायला शिकवणारं यंत्र बांधलं. ही साखळी इतकी सरळ आहे की ती पाहताना मला भरून येतं. हैदराबादपासून तीन-चार तासांवरच्या बिदरच्या तळावर, मराठी-कन्नड-उर्दू बोलणाऱ्या त्या गावावर, वर्षानुवर्षं एचटी-2 घिरट्या घालत. पुढे घाटग्यांनीच किरण हे जेट प्रशिक्षण विमान आखलं. ते 1964 मध्ये उडालं. हैदराबादच्या उत्तरेला दुंडिगलची एअर फोर्स अकादमी 1971 मध्ये सुरू झाली, आणि तिथल्या अनेक तुकड्या किरणवर तयार झाल्या. 18 जून 2016 रोजी याच अकादमीतून अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक बाहेर पडल्या.

भाचीला मी दुंडिगलच्या आधीची एक गोष्ट सांगतो. 1947 साली प्रेम माथुर यांनी व्यावसायिक परवाना मिळवला. एकामागून एक विमान कंपन्यांनी बाई म्हणून नकार दिला. नोकरी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने, निजाम सरकार आणि टाटांच्या भागीदारीतल्या कंपनीने. बेगमपेठहून त्या सहवैमानिक म्हणून डकोटा विमानांत बसू लागल्या. डकोटाच्या पेडलांना पायात जोर लागतो. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर विमान सरळ ठेवायला तर मांडीची सगळी ताकद. बाईला हे जमेल का, असं विचारणाऱ्यांना त्यांनी 1949 ची राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकून दाखवली.

उड्डाणाआधी भाची एक गोष्ट न चुकता करते. योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे, मागे. दोन्ही पाय आळीपाळीने. अंगठे वर करून योक धरलं की अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा एलेरॉन वर यायला हवा. तोंडाने म्हणायचं, "कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट." यामागेही एक अपघात आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचं चार इंजिनांचं नवं बाँबफेकी विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. उभ्या विमानाची नियंत्रणं वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. दोन माणसं गेली, त्यात अनुभवी चाचणी वैमानिकही होते. त्यानंतर वैमानिकांनी स्मरणावर विसंबणं सोडलं आणि छापील यादी वाचायला सुरुवात केली. आज शस्त्रक्रियेच्या खोलीतसुद्धा ती यादी पोचली आहे. सेसनामध्ये त्या खिळीला लाल पत्र्याचा तुकडा लटकलेला असतो.

आज मोठ्या विमानांत पाय बराचसा विसावला आहे. एअरबस ए-320 मध्ये हातात छोटी दांडी असते, तिच्यातून विजेचे संकेत संगणकाकडे जातात, आणि वळताना सुकाणू किती हवं ते संगणक ठरवतो. 1989 मध्ये ती विमानं भारतात आली. आपल्या वैमानिक सौदामिनी देशमुख त्या काळातल्या. 1985 मध्ये फक्त महिला असलेल्या पहिल्या चालकदलाचं नेतृत्व त्यांनी फोकर विमानात केलं आणि पुढे एअरबसही उडवलं. मग पेडल काढून का टाकत नाहीत, असं भाचीने विचारलं. आडव्या वाऱ्यात उतरताना आणि इंजिन गेल्यावर ते लागतातच. पण पाय कधी द्यायचा नाही हेही शिकावं लागतं. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या एअरबस ए-300 ला पुढच्या विमानाने सोडलेल्या भोवऱ्यांचे धक्के बसले. सहवैमानिकाने डावा-उजवा, डावा-उजवा असा पूर्ण जोराने पाय दिला. सुकाणू इतकं डावीकडे-उजवीकडे फिरलं की शेपटीचा उभा पंखच तुटून पडला. विमानातले 260 आणि जमिनीवरचे 5 लोक गेले. चौकशीत ठरलं की तो पाय अनावश्यक आणि अति होता. भोवरे धोक्याचे नव्हते.

म्हणून भाचीच्या इन्स्ट्रक्टरांचा हट्ट मला बरोबर वाटतो. ते तिला एकाच वळणाचा सराव पुन्हा पुन्हा देतात. तीस अंश डावीकडे, सरळ, तीस अंश उजवीकडे, सरळ, आणि डोळा गोळीवर नाही, समोरच्या क्षितिजावर. साठ अंश कलून वळलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि उचल सुटण्याचा वेग चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो, हेही त्यांनी तिला कागदावर काढून दाखवलं. चुकलं की ते म्हणतात, "आय हॅव कंट्रोल," विमान सावरतात आणि परत देतात: "यू हॅव कंट्रोल." दोन माणसांनी एकाच वेळी पेडल दाबू नयेत म्हणून हे शब्द. तिला अजून उजवा पाय कमी पडतो. चढताना नाक सतत डावीकडे जातं, इंजिनाच्या ओढीमुळे, आणि तिला ते उशिरा कळतं. संक्रांतीला गच्चीवर एका बाजूला झुकणाऱ्या पतंगाला दुसरीकडे चिंधी बांधतात तसा सेसनाच्या सुकाणूला पत्र्याचा एक छोटा वाकवलेला तुकडा असतो; तो याच ओढीसाठी. पण तो उड्डाणाच्या एकाच वेगाला पुरतो. बाकी सगळं तिच्या पायाला करायचं आहे.

परवा मी तिला सोडायला नादरगुलला गेलो होतो. येताना आदिबटलाच्या बाजूने आलो. तिथे टाटा आणि लॉकहीड मार्टिनचा कारखाना आहे. अमेरिकेत बनणाऱ्या सी-130जे सुपर हर्क्युलिस या मालवाहू विमानांना जी शेपटी लागते, आडव्या आणि उभ्या पंखासकट, ती इथे जोडली जाते. पेट्यांत बंद होऊन ती समुद्रापार जॉर्जियातल्या मेरिएटाला जाते आणि तिथे विमानाला बसवली जाते.